रिकरंटआधी नाकाची तयारी

दरवर्षी आम्हा केबिन क्रूच्या रिकरंट ट्रेनिंगची, म्हणजे सुरक्षेच्या उजळणीची, तारीख आली की मी चार दिवस रजा टाकून वेंगुर्ल्याला घरी येते. अभ्यासासाठी नव्हे, मॅन्युअल मुंबईच्या खोलीवरही वाचता येतं. मी येते नाकासाठी. यंदा आमच्या वाडीतली एक मुलगी केबिन क्रूमध्ये लागली. तिने विचारलं, "ताई, विमानातला धूर आणि फ्यूम्स, म्हणजे वाफा, यांची तयारी नेमकी कशी करू?" पडवीत बसून तिला जे सांगितलं, तेच इथे लिहिते.

आधी माझी फजिती. नोकरीला लागून दुसरं वर्ष होतं. विमान खाली उतरू लागलं, इंजिनांचा आवाज पडला आणि मागच्या गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरात, ओल्या मोज्यांसारखा वास सुटला. सोबतची सीनियर म्हणाली, कुणीतरी बूट काढले असणार. थोड्या वेळाने वास गेला, असं आम्हाला वाटलं. तेवढ्यात पुढची एक जण काही न्यायला मागे आली आणि पडदा सरकवताच म्हणाली, "शी! इथे काय कुजलंय?" उतरल्यावर इंजिनिअरने विचारलं: कसला वास? कुठे? पॉवर कमी केल्यावर की आधीपासून? माझ्या रिपोर्टात एकच ओळ होती, 'केबिनमध्ये वास आला.' त्या ओळीवरून तो बिचारा काय शोधणार?

बहुतेक जेट विमानांत आपण श्वासात घेतो ती हवा इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून काढलेली असते (बोइंग ७८७ त्याला अपवाद). इंजिनाचं किंवा शेपटीतल्या एपीयूचं (जमिनीवर वीज आणि हवा पुरवणाऱ्या छोट्या इंजिनाचं) सील गळलं तर तेलाची वाफ त्या हवेत मिसळते आणि मोज्यांचा तो वास येतो. केबिनमधल्या हेपा फिल्टरवर विसंबू नकोस. तो कण आणि जंतू अडवतो, वाफ नाही.

तेव्हा यादीत पहिलं काम नाकाचं. आई पाच-सहा वाट्यांवर फडकी टाकून माझ्यासमोर ठेवते. जळकी वायर, करपलेला पाव, तापलेलं प्लास्टिक, मशीनचं जुनं तेल, नेलपॉलिश रिमूव्हर. मी डोळे मिटून ओळखायचं, आणि 'घाण वास', 'विचित्र वास' हे शब्द बाद. पहिल्या वर्षी ती म्हणाली होती, "गो बाय, ह्या काय नवीन खूळ?" आता वाट्या तीच बदलते आणि मला फसवायला मध्येच सुका बांगडा ठेवते. यातला रिमूव्हर नीट लक्षात ठेव. लिथियम बॅटरी फुगून फुटायला लागली की धुराच्या आधी कधीकधी तसाच गोडसर वास येतो.

दुसरा धडा मासळी बाजारातला. आत शिरताना नाक मुरडणारा पाहुणा दहा मिनिटांनी निवांत सुरमईचा भाव करत असतो. वास तिथेच असतो, नाक थकलेलं असतं. म्हणून गॅलीत संशय आला तर स्वतःच्या नाकावर निकाल देऊ नकोस. इंटरफोनवरून दुसऱ्या टोकाच्या क्रूला बोलाव, ताजं नाक माग. आणि कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. डोकं जड होणं, मळमळणं, दोन-तीन जणांचे डोळे एकदम चुरचुरणं, हेही कॉकपिटला कळवण्यासारखंच.

आपल्याकडच्या पावसाळ्यात याच्या उलटं होतं. दमट हवेत दारं उघडी असताना छताजवळच्या फटींतून पांढरे लोट येतात आणि एखादे आजोबा "आग! आग!" म्हणून उठतात. ते धुकं असतं. वीतभर खाली येऊन विरतं, त्याला वास नसतो, डोळ्यांना झोंबत नाही. बोर्डिंगच्या वेळीच हसून सांगून टाक. पण सांगण्याआधी दर वेळी हुंगून बघ.

आता हूड. धुरात घालायचा तो हूड साधारण १५ मिनिटं ऑक्सिजन देतो. ड्यूटीच्या सुरुवातीला त्याच्या पाकिटाचं सील तपासतोच आपण, पण खरी अडचण केसांची. मानेजवळचं रबर कातडीला घट्ट बसलं तरच धूर बाहेर राहतो. सुटलेली एक बट, मोठी क्लिप, लोंबतं कानातलं एवढंही गळतीला पुरतं. घरी आरशासमोर, मग डोळे मिटून, मानेवरचे केस दोन्ही हातांनी आत सारायचा सराव कर. हूडच्या आत ऊब वाढते, स्वतःचाच श्वास मोठा ऐकू येतो आणि आवाज घुसमटतो. म्हणूनच कामं वाटलेली असतात: एक आगीशी झुंजते, दुसरी कॉकपिटशी बोलते, तिसरी सामान पुरवते आणि माणसं हलवते. बोलणारीने काय सांगायचं ते मी आईला मोठ्याने म्हणून दाखवते: कुठे, कसला वास, धुराचा रंग, वाढतोय की कमी होतोय, आम्ही काय केलं. पायलटने मास्क लावलेला असतो, त्याला लांबण ऐकवू नकोस.

टॉयलेटचं दार उघडण्याआधी हाताची मागची बाजू लावून बघायची. ओव्हनमधून धूर आला तर दार बंदच ठेवायचं आणि वीज तोडायची. हे तुला क्लासमध्ये घोटून घेतील.

बॅटरीबद्दल मात्र माझ्याकडूनही ऐक. नारळाच्या सोडणांचा ढीग पेटला की वरून विझल्यासारखा दिसतो आणि आत निखारा धुमसत राहतो. आई वाफ थांबेपर्यंत पाणी ओततच राहते. पॉवर बँकही तशीच. ज्वाळेवर हॅलॉन (विमानातल्या अग्निशामकातला वायू) मारलं की ज्वाळा जाते, पण आतला एक सेल शेजारच्याला तापवत राहतो. म्हणून लगेच पाणी, आणि भरपूर. पाणी नसेल तर दारू सोडून ट्रॉलीतलं कुठलंही पेय. बर्फ नाही, वर ब्लँकेटही नाही, कारण दोन्हीने उष्णता कोंडते. आणि तापलेली वस्तू उचलायला जाऊ नकोस. फोन सीटच्या फटीत पडला असेल तर सीट कुणालाच हलवू देऊ नकोस, दाबला की तोच पेटतो.

जाता जाता: मे महिन्यात चाकरमानी मंडळी आंब्याच्या पेट्यांसोबत सुकं खोबरंही बांधून घेतात. ते सामानात चालत नाही, कारण आपोआप तापू शकणाऱ्या मालात ते मोडतं. खोबऱ्याच्या पोत्यात हात घातलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

प्रवासी विचारतील, वरचे पिवळे मास्क का सोडत नाही? त्यांत केबिनचीच हवा मिसळते, म्हणजे धूरही नाकात जाणार, शिवाय ऑक्सिजन आगीला बळ देतो. त्यांना धुरापासून लांब न्यायचं, खाली वाकवायचं, ओलं कापड नाकातोंडावर धरायला द्यायचं. १९८३ साली एअर कॅनडाच्या फ्लाइट ७९७ मध्ये मागच्या टॉयलेटकडून धूर आला तेव्हा क्रूने हेच केलं: माणसं पुढे नेली, ओले टॉवेल वाटले, पंखावरची दारं कशी उघडायची ते काहींना आधीच दाखवलं. विमान उतरलं, दारं उघडली, आणि सुमारे दीड मिनिटाच्या आत आतली हवाच पेटली. ४६ जणांतले २३ वाचले. ते दीड मिनिट मी दरवर्षी मोबाइलवर लावून पडवीतून अंगणाच्या गडग्यापर्यंत चालून बघते. वाटेत एक बॅगही न उचलता.

शेवटचं स्वतःचं. उतरल्यावर डोकं दुखत असेल तर "घरी जाऊन झोपते" म्हणू नकोस. त्याच दिवशी डॉक्टर गाठ, कारण रक्तातला कार्बन मोनॉक्साइड काही तासांत उतरतो आणि दुसऱ्या दिवशी तपासात काही सापडत नाही. आणि विमानातून बाहेर पडायच्या आधी खिशातल्या डायरीत वेळ टाकून लिही. माझ्या डायरीच्या पहिल्या पानावर ती जुनी ओळ खोडून खाली नमुना लिहिलाय: 'उतरताना, इंजिनांची पॉवर कमी केल्यावर लगेच. मागची गॅली, उजवी बाजू. ओल्या मोज्यांसारखा. धूर नाही. आम्हाला दहा मिनिटांनी जाणवेनासा झाला, पुढून आलेल्या क्रूला तेव्हाही तीव्र.'