१८२० नंतरची युरोपातली बंडं कशी लक्षात ठेवायची

सनावळी घोकू नका. मी फळ्यावर आधी नकाशा काढतो आणि एकच विचारतो: फौज कुठून निघाली, कुठे गेली? १८२१ ला ऑस्ट्रियाची नेपल्सला, १८२३ ला फ्रान्सची स्पेनला, १८४९ ला झारची, म्हणजे रशियाच्या सम्राटाची, हंगेरीत. तिन्ही बाण राजाच्या बाजूने, पांढऱ्या खडूने.

तुर्की सुलतानाविरुद्ध उठलेल्या ग्रीसपाशी पोरं हमखास अडखळतात. १८२७ ला नाव्हारिनोच्या खाडीत ब्रिटन, फ्रान्स, रशियाने तुर्की-इजिप्शियन आरमार उडवलं, म्हणजे चक्क बंडखोरांच्या बाजूने! आणि १८२० ला ट्रोपाऊच्या परिषदेत क्रांत्या चिरडायचं ठरवणाऱ्यांत हाच रशिया होता. हा बाण लाल काढा. कारण शोधताना तत्त्वं बाजूला ठेवा. तुर्कस्तान खिळखिळं झालं तर कुणाचं फावतं, ते बघा. १८३० चं बेल्जियमही लाल बाणाचंच. त्याच लाटेतलं पोलंड मात्र पांढरं, तिथे झार स्वतःच मालक होता.