उतारवयातील सायकोटिक डिप्रेशन : एमआरआयचा अहवाल कसा वाचावा

सत्तरीपुढचे वडील जेवण नाकारू लागले, ऊसबिल जमा झाल्याची पासबुकातली नोंद दाखवली तरी ‘सगळं गेलं, आता भीक मागायची वेळ आली’ असे म्हणत राहिले किंवा ‘आतडी कुजलीत, घास उतरत नाही’ असे सांगू लागले, तर त्याला म्हातारचळ म्हणून सोडून देऊ नये. तीव्र नैराश्यात असे ठाम भ्रम दिसले की त्याला सायकोटिक डिप्रेशन म्हणतात. या वयात डॉक्टर अनेकदा मेंदूचा एमआरआय करायला सांगतात आणि मग कोल्हापूरच्या राजारामपुरीतून फिल्मचा मोठा लिफाफा घेऊन आलेली मुले रात्री मोबाईलवर एकेक शब्द शोधत बसतात.

अहवालात ‘सेरेब्रल ॲट्रॉफी’ असे लिहिलेले असेल, तर मेंदू काहीसा आकसला आहे एवढाच त्याचा अर्थ. पुढे ‘वयानुरूप’ असा शब्द आहे का, ते पाहावे. ‘फझेकास ग्रेड’ म्हणजे मेंदूच्या आतील पांढऱ्या भागातील डागांची 0 ते 3 अशी प्रतवारी असते. हे डाग बहुधा बारीक रक्तवाहिन्यांच्या झिजेमुळे पडतात, म्हणून ग्रेड 2 किंवा 3 असल्यास रक्तदाब व साखरेच्या नोंदीही सोबत न्याव्यात.

या आजाराच्या वृद्ध रुग्णांत मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे फ्रंटल लोब, सरासरीने लहान असल्याचे काही अभ्यासांत आढळले आहे. मनात आलेला विचार समोरच्या पुराव्याशी ताडून पाहण्याच्या कामात या भागाचा मोठा वाटा असतो. पासबुक दाखवूनही वडिलांना पटत नाही, यामागे हेही एक कारण असू शकेल. मात्र ही गटांची सरासरी आहे, आणि निरोगी वृद्धांचे मेंदूही तितकेच आकसलेले असू शकतात, त्यामुळे केवळ फिल्म पाहून या आजाराचे निदान होत नाही. अहवाल नॉर्मल आला म्हणून वडील सोंग करत आहेत असे ठरत नाही, आणि ॲट्रॉफी दिसली म्हणून ते बरे होणार नाहीत असेही नाही. हा एमआरआय मुख्यतः गाठ, पक्षाघात किंवा पडल्यानंतर कवटीखाली साचलेले रक्त यांपैकी काही नाही ना, हे पाहण्यासाठी असतो. (पेसमेकर असेल तर तपासणीआधीच सांगावे.)

माझ्या मते लिफाफ्यापेक्षा वहीचे एक पान अधिक उपयोगी पडते. बदल कधी सुरू झाला, झोप किती, गोळ्या कोणत्या, बी12, थायरॉइड व सोडियम तपासले आहे का, हे त्यावर लिहावे. ‘कसंतरीच बोलतात’ असे मोघम न लिहिता त्यांचे वाक्य जसेच्या तसे उतरवावे.

भान तासातासाला बदलत असेल, अन्नपाणी बंद झाले असेल किंवा मरणाची भाषा निघत असेल, तर अहवालासाठी न थांबता त्याच दिवशी कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा. अपरात्री काय करावे सुचत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून बोलता येते.