पायाखालचा स्टँड निसटला तेव्हा

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात नोव्हेंबरात ९ दिवस बंदुकीने हरणांची शिकार चालते. शेजाऱ्याच्या नादाने मीही क्लायम्बिंग ट्री-स्टँड, म्हणजे स्वतःसोबत झाडावर चढवत न्यायचं मचाण, घेतला. त्याचे दोन सुटे भाग: वरचा बसायला, खालचा पायांना. आळीपाळीने सरकवत झाडावर चढायचं. साधारण १५ फुटांवर पायाखालचा भाग सटकला आणि थेट बुंध्याशी! मी वरच्या चौकटीला लोंबकळत. हार्नेस (पडू नये म्हणून घालायचे सुरक्षा-पट्टे) अंगात होता, पण झाडाला बांधलेलाच नव्हता; म्हटलं, वर पोचल्यावर बांधू. शेजाऱ्याने शिडी आणली म्हणून उतरलो.

खोक्यातला एक पट्टा मी बिनकामाचा समजून गॅरेजात टाकला होता. दोन्ही भाग एकमेकांना बांधून ठेवायला असतो तो! आता आधी तोच लावतो. हार्नेसचा दोर जमिनीवरूनच बुंध्याभोवती बांधतो आणि तो डोक्याच्या वर सरकवत चढतो. झाड वर निमुळतं होत जातं, म्हणून खाली बसवतानाच पायाखालच्या फळीचं बाहेरचं टोक थोडं उचललेलं ठेवायचं. वर गेल्यावर ती सपाट होते. गुळगुळीत सालीचं झाड घेत नाही. बंदूक रिकामी करून, वर पोचल्यावर दोरीने ओढून घेतो.