पीठ कुणी पाडलं? संग्रहालयातले किडे ओळखायला शिकताना

प्राणिशास्त्र किंवा कृषी कीटकशास्त्र शिकणारी मुलं ‘पुढं काय’ विचारतात, तेव्हा मी हल्ली संग्रहालयाचं नाव घेते. बहुतेक जण हसतात. आपल्याकडं संग्रहालय म्हणजे दगड, खापरं, नाणी. किडा खाणार काय? मातीच्या मूर्तींसाठी ओळखलं जाणारं तेरचं लामतुरे संग्रहालय बघून आलेल्याला हे पटेलही. पण मातीच्या मूर्तीखाली कापूस असतो, कपाट लाकडाचं असतं आणि नोंदी कागदी रजिस्टरात असतात. शिवाय पैठणी, हिमरू, मोडी कागद, पोथ्या आहेतच. अंबाजोगाईची संतकवी दासोपंतांची पासोडी तर ४० हात लांब कापडावर लिहिलेली. किड्यांना वर्षभर पुरेल एवढं अन्न मराठवाड्यात आहे.

आणि यातले बरेचसे किडे तुम्ही आधीच पाहिलेले असतात. वसमतकडच्या कुणाला विचारा, साठवलेल्या हळदीला भोकं कोण पाडतं. तो तपकिरी, २-३ मिलिमीटरचा, डोकं खाली वळवून कुबड काढल्यासारखा दिसणारा भुंगेरा, सिगारेट बीटल. जुन्या ग्रंथाच्या पाठीतून आरपार गोल भोक पाडणारा हाच. त्याचा एक चुलतभाऊ आहे, ड्रगस्टोअर बीटल, नुसत्या डोळ्यांना अगदी तसाच. भिंगाखाली मात्र फरक कळतो. पहिल्याचे पंख गुळगुळीत आणि मिशा करवतीच्या दातांसारख्या; दुसऱ्याच्या पंखांवर उभ्या रेघा आणि मिशीच्या टोकाचे तीन भाग मोठे. परभणीच्या कृषी विद्यापीठात साठवणीतल्या किडींचा अभ्यास केलेल्या मुलाला हे नवीन नाही. त्याला फक्त गोदामातून कपाटाकडं वळायचंय.

नवख्याची पहिली अडचण अशी की किडा सापडतच नाही. सापडतं ते त्यानं मागं टाकलेलं पीठ, म्हणजे पोखरताना पडलेला भुगा. म्हणून १० पट भिंग, टॉर्च, मऊ ब्रश, पांढरा कागद आणि झाकणाच्या छोट्या बाटल्या एवढं जवळ ठेवा. स्टोअरमधले मामा म्हणतात, “मॅडम, पीठ पडायलंय,” तेव्हा औषधाचा डबा न काढता ते पीठ कागदावर घ्यायचं आणि बोटांत चोळून बघायचं. टाल्कम पावडरसारखं मऊ असेल तर पावडरपोस्ट बीटल. रवाळ लागलं तर लाकूड पोखरणारा दुसरा भुंगेरा. खसखशीसारखे, सहा कडा असलेले बारीक दाणे निघाले तर कोरड्या लाकडातली वाळवी. जमिनीतून येणारी वाळवी असे दाणे टाकत नाही, ती मातीच्या नळ्या बांधत भिंतीवर चढते. दोघींचा बंदोबस्त वेगळा, त्यामुळं इथं ओळख चुकली तर पैसा वाया आणि वस्तूही जाते.

पीठ पडलं म्हणजे किडा जिवंत आहेच असं नाही. जुन्या बोगद्यातलं पीठ वस्तू हलवली तरी सांडतं. भोकाच्या कडा बघा: ताजं भोक आतून उजळ, जुनं मळकट, कधी त्यात कोळ्याचं जाळं. तरी शंका राहिली तर फोटो काढा, पीठ झाडून घ्या, खाली काळा कागद अंथरा आणि काही आठवड्यांनी परत बघा.

कागद वरवर खरवडल्यासारखा, वेड्यावाकड्या कडांचा झाला असेल तर कसर, म्हणजे सिल्व्हरफिश. तिला खळ आणि दमट हवा आवडते, म्हणून ती भर उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यात जास्त दिसते. लोकर, रेशीम, पिसं, भुसा भरलेले प्राणी यांचा वैरी कार्पेट बीटल. त्याची केसाळ अळी खाते; प्रौढ भुंगेरा फुलांवर परागकण खात बसतो आणि बाहेर जायला उजेडाकडं, म्हणजे खिडकीकडं येतो. म्हणून संग्रहालयात शिरल्यावर मी आधी खिडकीची चौकट बघते. तिथं मेलेले बुटके, ठिपक्यांचे भुंगेरे दिसले तर छताकडं मान वर. जुन्या वाड्यात पारव्यांची घरटी असतात आणि त्यातली पिसं, घाण यांवर ही अळी पोसते. नुसतं कपाट फवारून काय होणार?

पहिल्या पावसात ट्यूबलाइटखाली पंखांचा सडा दिसला की फोन येतात. चारही पंख सारखे असतील तर वाळवी, पुढचे मोठे असतील तर मुंग्या. बऱ्याचदा बाहेरून दिव्यावर आलेल्या असतात. घाबरू नका, पण नोंद करा.

डांबरगोळ्यांवर माझा अजिबात विश्वास नाही. वास तेवढा राहतो, किडे त्याला सरावल्यासारखे नांदतात आणि कोंदट खोलीत काम करणाऱ्याचं डोकं दुखतं. पोथीच्या तांबड्या फडक्यात वेखंड ठेवायची रीत चांगली. तिनं किडा दूर राहतो, आत शिरलेला मरत नाही. कापड किंवा कागद पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशाला आठवडाभर तरी ठेवणं बरं. रंगवलेलं लाकूड, हस्तिदंत मात्र स्वतःच्या बुद्धीनं फ्रीजरमध्ये घालू नका. आणि जुन्या भुसा भरलेल्या प्राण्यांना हातमोज्यांशिवाय शिवू नका. त्यांना आर्सेनिक लावलेलं असू शकतं.

सुरुवात कुठं करायची? आपल्याच कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात. टाचणीला लावलेल्या कीटकांच्या पेट्या उघडा. टाचणीखाली तपकिरी भुकटी आणि अळीच्या केसाळ काती दिसल्या तर तुमचं पहिलं प्रकरण मिळालं. विभागप्रमुखांना सांगून त्याची नोंद सुरू करा, भिंतीकडेला चिकट सापळे ठेवा, त्यात काय अडकलं ते तारीख आणि जागेसह लिहा. पुढं जुन्या वस्तूंच्या संवर्धनाकडं वळायचं असेल तर लखनौच्या राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळेच्या प्रशिक्षणांची चौकशी करा. तिथं अर्ज करताना तुमच्या हातची अशी एक वही सोबत असली की बोलायला विषय असतो.