आपत्तीसाठी वॉर्डातील परिचारिकांची तयारी कशी करून घ्यावी

रुग्णालयाचा आपत्ती आराखडा बहुधा कार्यालयातील फाईलमध्ये असतो. आग लागते किंवा जखमींची रीघ लागते तेव्हा मात्र त्या पाळीतील परिचारिकेला जे ठाऊक असेल तेवढेच कामी येते. पूर्वानुभव, प्रशिक्षण आणि सराव यांचा परिचारिकांच्या तयारीशी निकटचा संबंध असल्याचे अभ्यासांत वारंवार दिसून आले आहे. अनुभव मागून मिळत नाही, सराव मात्र घडवून आणता येतो. म्हणून इन्चार्ज सिस्टरांनी सुरुवात तिथूनच करावी.

सराव रात्रपाळीतही घ्यावा, कारण मनुष्यबळ तेव्हाच सर्वांत कमी असते. वॉर्डाचा ऑक्सिजन व्हॉल्व्ह कोठे आहे, तो बंद करण्याचा निर्णय कोणी घ्यायचा आणि त्याआधी कोणत्या रुग्णांना सिलिंडरवर घ्यावे लागेल, हे प्रत्येकीने जागेवर जाऊन दाखवावे. व्हेंटिलेटरवरील प्रत्येक रुग्णाच्या उशाशी अम्बू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) हवीच. चादरीवरून रुग्ण ओढत नेण्याची पद्धत वाचून येत नाही; ती दोघींनी मिळून करूनच पाहावी लागते.

एकाच वेळी अनेक जखमी आल्यास १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात तयार झालेली ‘स्टार्ट’ ही ट्रायाजची, म्हणजे उपचारांच्या निकडीनुसार जखमींची वर्गवारी करण्याची पद्धत प्रौढांसाठी उपयोगी पडते. चालू शकणाऱ्यांना हिरवी पट्टी द्यावी. उरलेल्यांपैकी ज्याचा श्वास मिनिटाला ३० पेक्षा अधिक आहे, नख दाबून सोडल्यावर ज्याचा रंग २ सेकंदांत परतत नाही किंवा ज्याला साधी सूचना पाळता येत नाही, त्याला लाल पट्टी (तातडीने उपचार) आणि यांपैकी काहीच नसल्यास पिवळी (उपचार थोडे थांबू शकतात). श्वास थांबलेल्याचा श्वासमार्ग मोकळा करावा. श्वास सुरू झाला तर लाल, नाहीच झाला तर काळी, म्हणजे मृत किंवा वाचण्याची आशा नसलेला. प्रत्येक रुग्णासाठी शेवटपर्यंत झटण्याचे शिक्षण घेतलेल्या परिचारिकेला ही काळी पट्टी बांधणे फार जड जाते, त्यामुळे त्याविषयी सरावातच मोकळेपणाने बोलावे.

ड्युटीवर येण्याची इच्छा घरच्यांच्या सुरक्षिततेवर आणि संरक्षक साधनांच्या उपलब्धतेवरही अवलंबून असते, याला कर्तव्यातील कसूर समजणे अन्यायाचे आहे. लहान मुले किंवा आजारी वृद्ध घरी असलेल्या परिचारिकांशी आधीच बोलून पर्यायी व्यवस्था ठरवावी आणि ड्युटीचा तक्ता त्यानुसार आखावा. सराव संपताच सर्वांनी थांबून उणिवा लिहून काढाव्यात, प्रत्येक उणिवेपुढे जबाबदार व्यक्तीचे नाव घालावे आणि ती यादी मेट्रनकडे त्याच दिवशी द्यावी.