आधी मोजा, मग उपसा: पुण्यातल्या प्रभागात भूजलाची मोजणी कशी उभी करावी

मे महिन्यात बोअर आटला, की सोसायटीच्या सभेत दोनच सूचना येतात: टँकर लावा किंवा बोअर आणखी खोल घ्या. गेल्या वर्षी याच आठवड्यात पाणी किती खोलीवर होतं, हे मात्र कोणीच लिहून ठेवलेलं नसतं. आणि एका सोसायटीने लिहून ठेवलं तरी भागत नाही. खालचा जलधर, म्हणजे पाणी धरून ठेवणारा खडकाचा थर, कंपाउंडच्या भिंतीपाशी थांबत नाही. शेजारच्या प्लॉटवर दिवसभर मोटार चालली, तर पातळी तुमचीही उतरते. म्हणून मोजणी प्रभागाची हवी आणि शहरभर ती एकाच पद्धतीने व्हायला हवी.

खाली काय आहे

पुण्याखाली दख्खनचा बेसॉल्ट आहे. वर माती आणि मुरूम, त्याखाली बारीक पोकळ्यांचा सच्छिद्र खडक, मग काळा पाषाण, मध्येच एखादा तांबड्या मातीचा थर. पाणी राहतं ते मुरमात, पोकळ्यांत आणि भेगांत. अखंड काळ्या पाषाणात ते जवळजवळ नसतंच. अशा खडकात साठवणुकीची जागा फार कमी, साधारण 1 ते 3 टक्के.

2 टक्के धरून हिशेब करून पाहा. एक हेक्टर परिसरात पातळी 1 मीटर उतरली, तर 10,000 × 1 × 0.02 = 200 घनमीटर, म्हणजे 2 लाख लिटर पाणी गेलं. दहा हजार लिटरचे वीस टँकर. रोज चार टँकर भरणारा एक बोअर हे पाणी पाच दिवसांत काढतो. बोअर खोल नेला की पाणी वाढतं, ही समजूतही इथेच तपासायला हवी. पुष्कळदा खोल भोकातून वरच्या थराचं पाणी खाली उतरतं एवढंच होतं, आणि आजूबाजूच्या उथळ विहिरी आधी कोरड्या पडतात.

विहिरींची निवड

आधी प्रभागातल्या सगळ्या विहिरी-बोअरची यादी करा: जागा, खोली, व्यास, केसिंग (बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाइप) किती मीटर, मोटार कितीवर सोडली आहे, कोणत्या वर्षी घेतला, वापर कशासाठी. केसिंग आणि मोटारीची खोली सोसायटीला माहीत नसते. बोअर मारणाऱ्याचं किंवा मोटार दुरुस्त करणाऱ्याचं जुनं बिल शोधा, त्यावर सापडते.

मग निरीक्षणासाठी चौरस किलोमीटरला किमान दोन जागा ठरवा, एक आड आणि एक बोअर. शक्यतो वापरात नसलेले किंवा कमी वापराचे घ्या. पेठांमधल्या वाड्यांचे आड यासाठी फार उपयोगी, कारण ते वरच्या जलधराची पातळी थेट दाखवतात. टेकडीचा पायथा, उतार आणि ओढ्याकाठ, तिन्हीकडे एकेक जागा असावी. 10 मीटरचा आड आणि 120 मीटरचा बोअर एकाच आलेखात मात्र घालू नका. खोल बोअरमध्ये अनेक थरांचं पाणी मिसळून जी पातळी ठरते, ती कोणत्याच एका थराची नसते.

प्रत्यक्ष मोजणी

बोअरला पातळीमापक लागतो: आकडे असलेली टेप, टोकाला प्रोब, पाण्याला टेकला की बझर वाजतो. 100 मीटरचा घ्या. तो नसेल तर दोन तारांची लवचिक वायर, टोकाला वजन आणि वर मल्टिमीटर लावूनही काम होतं. वायरवर दर मीटरला खूण करा आणि वर्षातून एकदा स्टीलच्या टेपशी ताडून पाहा, कारण वायर ताणली जाते.

मोजण्याचा बिंदू एकदाच ठरतो. केसिंगच्या कडेवर ऑइल पेंटने बाण काढा आणि तिथूनच मोजा. ही कड जमिनीपासून 0.45 मीटर वर असेल आणि टेपवर 23.10 आलं, तर पाणी जमिनीखाली 22.65 मीटरवर आहे. नोंदवहीत दोन्ही आकडे लिहा. पुढे कोणी केसिंग कापलं किंवा ओटा उंच केला, तर जुन्या आकड्यांचा मेळ घालता येतो.

मोटार किमान 8 ते 12 तास बंद हवी, म्हणून पहाटे पहिली मोटार सुरू होण्याआधी मोजा. पॅनेलवरचा टायमर किंवा ऑटो स्विच बंद करून त्यावर चिठ्ठी लावा, नाहीतर वाचन चालू असताना मोटार सुरू होते. पंधरा मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा. फरक 5 सेंटिमीटरपेक्षा जास्त आला, तर पाणी अजून वर येत आहे. तसा शेरा मारा आणि शेजारी कोणाची मोटार चालू आहे का, तेही लिहा.

सगळ्यात जास्त घोळ दोन गोष्टींनी होतो. पहिली, टेप मोटारीच्या केबलमध्ये अडकते. त्यावर कायमचा उपाय म्हणजे मोटार दुरुस्तीसाठी वर काढाल तेव्हा तिच्यासोबत 25 मिमीचा पीव्हीसी पाइप सोडून घ्या: खालच्या दोन मीटरला भोकं पाडलेला, टोक मोटारीच्या मीटरभर वर, तोंडाला टोपण. खर्च किरकोळ आणि नंतर दहा वर्षं त्रास नाही. दुसरी गोष्ट, वरच्या भेगेतून झिरपणारं पाणी भिंतीवरून उतरतं आणि बझर खऱ्या पातळीच्या आधीच वाजतो. आवाज तुटक येत असेल तर टेप आणखी खाली सोडा. आवाज सलग लागतो ती पातळी खरी. हाच पाइप असेल तर हाही प्रश्न येत नाही.

आडात उतरून मोजू नका. आत हवा कोंडलेली असू शकते. वरून वजन लावलेली टेप सोडणं पुरतं.

किती वेळा

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. तेवढं जमत नसेल तर महिन्यातून एकदा. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, जिचं मुख्यालय पुण्यातच आहे, निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये घेते. हे चार महिने चुकवू नका, म्हणजे तुमचे आकडे त्यांच्या शेजारी ठेवता येतील. सोबत एका गच्चीवर पर्जन्यमापक ठेवा आणि सकाळी साडेआठला पाऊस लिहा, वेधशाळेची वेळ तीच आहे.

स्वयंचलित लॉगर (पातळी आपोआप नोंदवणारं यंत्र) बसवणार असाल तर लक्षात ठेवा, साधा लॉगर पाण्याबरोबर हवेचाही दाब मोजतो. 1 हेक्टोपास्कल बदल म्हणजे जवळपास 1 सेंटिमीटर पाणी. त्यामुळे परिसरात एक लॉगर उघड्या हवेत ठेवून त्याचं वाचन वजा करावं लागतं. दर तीन महिन्यांनी हाताने मोजून ताळाही घ्या. लॉगरचे आकडे हळूहळू चुकत जातात आणि ते कळत नाही.

पातळीबरोबर उपसाही लिहायला हवा. बोअरला मीटर नसेल तर 200 लिटरचं पिंप भरायला किती वेळ लागतो ते पाहा. अडीच मिनिटं लागली तर मिनिटाला 80 लिटर, चार तासांत 19,200 लिटर.

आकडे वाचताना

मे ची तुलना मे शीच करा. मे ची पातळी वर्षामागून वर्ष खाली जात असेल, तर उपसा भरणापेक्षा, म्हणजे जमिनीत मुरणाऱ्या पाण्यापेक्षा, पुढे गेला आहे. दोन विहिरींमध्ये पाणी कुठून कुठे वाहतं हे पाहायचं असेल, तर दोन्हींच्या काठाची समुद्रसपाटीपासूनची उंची लागते. ती मोबाइलच्या जीपीएसवरून घेऊ नका, चूक दहा मीटरपर्यंत जाते. सर्वेअरकडून लेव्हल करून घ्या.

पातळी अचानक वर आली म्हणून आनंद मानण्याआधी कारण शोधा. सिंहगड रस्ता, पर्वती, हडपसर या पट्ट्यात मुठा उजव्या कालव्याचं आवर्तन सुटलं, की काठच्या विहिरी भर उन्हाळ्यातही चढू शकतात. फुटलेली जलवाहिनी किंवा ड्रेनेजसुद्धा पातळी वाढवतं. म्हणून वर्षातून दोनदा, मे आणि ऑक्टोबरमध्ये, पाणी प्रयोगशाळेत तपासा: ई-कोलाय, नायट्रेट, क्षार. पिण्याच्या पाण्यात 100 मिलीमध्ये ई-कोलाय शून्य आणि नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या आत हवं. जानेवारी 2025 मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी आणि सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा विहिरीच्या पाण्याकडेच बोट गेलं. ज्या पातळीवर आपण लक्ष ठेवतो, तेच पाणी लोक पितात.

भरण

200 चौरस मीटर गच्चीवर 700 मिमी पाऊस आणि 0.8 गुणांक (पडलेल्या पावसापैकी हाती येणारा वाटा) धरला, तर वर्षाला 1,12,000 लिटर मिळतात. हे पाणी जमिनीत घालताना पहिला दीड मिमी पाऊस बाहेर सोडा. या गच्चीसाठी तो 300 लिटर होतो. धूळ आणि पक्ष्यांची घाण त्यातच असते. मग गाळणी: तळाला 40 मिमी खडी, त्यावर 20 मिमी, त्यावर जाड वाळू, मध्ये जाळी. 31 मे पूर्वी वाळूचा वरचा 5 सेंटिमीटर थर खरवडून बदला. पुष्कळ खड्डे बंद पडतात ते याच कारणाने: वाळूवर गाळाची साय धरते आणि पाणी वरून वाहून जातं. मिळकतकराच्या सवलतीपुरता बांधलेला आणि नंतर कोणी न पाहिलेला खड्डा काही कामाचा नाही.

मोठा खड्डा खणण्याआधी त्या जागी छोटा खड्डा घेऊन त्यात पाणी भरून ठेवा, जमीन भिजू द्या, मग पुन्हा भरून तासाला किती उतरतं ते पाहा. तासाभरात बोटभरही उतरलं नाही तर खाली पाषाण किंवा तांबडी माती आहे, जागा बदला. पार्किंग आणि रस्त्यावरचं पाणी थेट बोअरमध्ये कधीही सोडू नका. त्यात तेल आणि सांडपाणी असतं, आणि खडकाच्या भेगेत एकदा गेलेली घाण धुऊन काढता येत नाही. एसटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाच्या) पाण्यालाही हेच लागू.

शहराच्या पातळीवर मोठं भरण टेकड्या आणि ओढे करतात. वेताळ टेकडी, तळजाई, पाचगाव-पर्वती यांचे उघडे उतार आणि रामनदी, आंबिल ओढ्याचे मोकळे तळ राखणं हे हजारो खड्ड्यांपेक्षा मोलाचं काम आहे. ओढ्याच्या तळात काँक्रीट घालण्याचा प्रस्ताव आला, तर त्या काठच्या विहिरींची नोंद घेऊनच हरकत दाखल करा. आकडे असले की हरकतीला वजन येतं.

बेसमेंट आणि बंद बोअर

शेजारी दोन-तीन मजली बेसमेंटचं खोदकाम सुरू होणार असेल, तर त्याआधी महिनाभर दर आठवड्याला आपल्या विहिरी मोजा. पंप सुरू झाल्यावर रोज. खड्ड्यातून रात्रंदिवस उपसलेलं पाणी पावसाळी गटारात जातं; त्या पंपाला मीटर लावावा आणि पाणी बांधकामाला वापरावं, ही मागणी क्षेत्रीय कार्यालयात लेखी द्या. सोबत आधीच्या चार आणि नंतरच्या चार वाचनांचा तक्ता जोडा.

वापरात नसलेला बोअर उघडा ठेवणं जिवाला धोक्याचं आहे, शिवाय सांडपाणी थेट खाली जाण्याची ती वाट होते. निरीक्षणासाठी ठेवायचा असेल तर केसिंगभोवती 0.50 × 0.50 × 0.60 मीटरचा काँक्रीटचा ओटा करा, निम्मा जमिनीवर आणि निम्मा खाली, आणि वर नटबोल्टचं लोखंडी झाकण बसवा. ठेवायचा नसेल तर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडांनी भरून टाका आणि यादीत त्याच्यापुढे बंद केल्याची तारीख लिहा.