सूर्याभोवती पट्टे पडत होते, ते असे गेले

कोल्हापूरच्या रंकाळा चौपाटीवरून काढलेला सूर्यास्त. कॅमेऱ्यात आभाळ मऊ केशरी. पण कॉन्ट्रास्ट जरा वाढवला की सूर्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यासारखी वर्तुळं उमटायची.

आधी लेन्स पुसली, मग फिल्टर काढला. आभाळ ब्लर केलं, तर तळ्यातल्या संध्यामठाची कडच विरघळली. तीन आठवडे डोक्याला नुसता ताप.

चूक जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या दाबलेल्या फोटो-फाइलमध्ये होती. त्यात लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगाला उजेडाच्या 256च पायऱ्या (8 बिट). 14 बिट रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, 16,384. केशरीतून जांभळ्यात जाणारा हळुवार उतार ताणला की 256 पायऱ्या उघड्या पडतात.

आता क्रम असा. फोटो रॉमध्येच काढायचा, व्हाइट बॅलन्स (रंगछटेचं सेटिंग) डेलाइटवर. ऑटोवर केशरी फिका पडतो. एक्स्पोजर आभाळावर मोजायचं, सूर्यबिंब मोजणीच्या चौकटीबाहेर ठेवून. क्षितिज मधोमध नको, खालच्या तिसऱ्या भागात. मग डार्कटेबल या रॉ उघडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उजेड-रंग लावून 16 बिट टिफ फाइल काढायची आणि ती गिंप या फोटो-एडिटरमध्ये उघडायची. इमेज मेनूतल्या प्रिसिजनमध्ये 16 बिटच आहे ना, हे बघूनच पुढं जायचं. कर्व्हज (उजेड-कॉन्ट्रास्टची वक्ररेषा) हलक्या हातानं. आभाळ तेवढं सिलेक्ट करून कड थोडी फेदर, म्हणजे मऊ करायची आणि फिल्टर्स मेनूतल्या नॉइजमध्ये आरजीबी नॉइज 0.02. (मुद्दाम बारीक ठिपक्यांचा दाणा घालायला हात धजत नव्हता, पण उरलेसुरले पट्टे त्यानंच मोडले.) रंग ताणून झाले, आता शेवटी जेपेग चालतो, क्वालिटी 95.

व्हॉट्सॅपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून; नाहीतर फोटो पुन्हा दाबला जातो आणि पट्टे परत हजर.